चिखलावर अक्षर उठत नाही

बान नोंग क्रादोन

लम्दुआन ताई,

आज बुधवार, दिनांक ९ सप्टेंबर, बुद्धाब्द २५३५, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. मी विहाराच्या नव्या भिंतीवर देणगीदारांची नावं रंगवत होतो. तिसऱ्या रांगेतलं अकरावं नाव अर्धं झालं होतं, तेवढ्यात शेजारची बाई सांगत आली की बाबांना पुन्हा ताप चढला. नाव पुरं करून घरी आलो. कुणाचं नाव अर्धवट सोडणं बरं नसतं. हात धुऊन लगेच हे लिहायला बसलो आहे. सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाने इस्पितळाला काय लिहावं ते मला कळत नाही, म्हणून तुला लिहितो.

बाबांच्या मानेत गाठ आहे. उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली. १९ ऑगस्टला लावणी संपली, त्या दिवशी ती चिंचोक्याएवढी होती. आज कोंबडीच्या अंड्याहून थोडी मोठी आहे. मी रोज दोऱ्याने मोजतो आणि तो दोरा वहीत चिकटवतो. एकूण बावीस दोरे झाले. ताप संध्याकाळी चढतो, पहाटे घाम येऊन उतरतो. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात क्षय आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. १५ दिवस घेतल्या. दोरा लहान झाला नाही.

आत्याने, म्हणजे तुझ्या आईने, कमळतळ्याच्या तळाचा चिखल, चुना आणि हळद असा लेप सांगितला आहे. १ तारखेपासून ती रोज केळीच्या पानात दोन पुड्या बांधून पाठवते. मी सकाळ-संध्याकाळ न चुकता लावतो.

दुकानदार म्हातारा हेंग म्हणाला, "ही गालफुगी. गालफुगी म्हणजे डुकराचा आजार. त्यावर वाघ लिहायचा, वाघ डुकराला खातो." त्याने चिनी अक्षर कागदावर काढून दिलं. आठ फटकारे आहेत. माझं अक्षर चांगलं म्हणून रोज संध्याकाळी शाईने बाबांच्या गाठीवर वाघ मीच लिहितो. बाबा आरशात बघतात आणि म्हणतात, "आज शेपटी आखूड काढलीस. उपाशी ठेवलास काय त्याला?"

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. सोमवारी १४ तारखेला बाबांना तुझ्या इस्पितळात आणू का? येताना काय आणावं?

तुझा धाकटा,
सुथिन

*

शुक्रवार, ११ सप्टेंबर

सुथिन,

चिठ्ठी पोचली. एकही खाडाखोड नाही. किती कागद फाडलेस, खरं सांग.

मी डॉक्टर नाही हे आधी डोक्यात घाल. रोग्याच्या अंगातला पू किंवा रक्त काचेच्या ताटलीत पसरायचं, ती उबेत ठेवायची आणि तिच्यावर काय उगवलं ते वहीत लिहायचं, एवढं माझं काम. पण नऊ वर्षं तेच केल्यावर कान तयार होतात. मोठ्या माणसाच्या मानेत गाठ आली की आमच्याकडे आधी क्षय म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो असतोच. पण नेहमी नाही. मांजराच्या नखाने गाठ येते. कच्च्या मांसातल्या किड्याने येते. अंगातली ताकद गेलेल्या माणसाला एक बुरशी धरते, तिने येते. आणि कधी कधी जंतूचा काही संबंधच नसतो, ते आपण आत्ता बोलायला नको.

म्हणून नीट आठवून ठेव. मांजर आहे का? मामांनी कच्चं मांस खाल्लं का? वजन उतरलंय का? लघवी करतात तिथे मुंग्या जमतात का? शेवटचं हसण्यावारी नेऊ नकोस.

सोमवारी आण. उपाशीपोटी आण. आणि आईला बरोबर घेऊन ये, नाहीतर तिला न विचारता भावाला शहरात नेलं म्हणून ती माझ्याशी तीन वर्षं बोलणार नाही. मागच्या वेळी दोनच होती.

लम्दुआन

*

बुधवार, १६ सप्टेंबर, सकाळी ६.१५

लम्दुआन ताई,

सोमवारी तू खाली पाच मिनिटंच भेटलीस, म्हणून तुझ्या प्रश्नांची उत्तरं लिहून देतो.

मांजर एक आहे. ती बाबांना ओरबाडत नाही, बाबाच तिला खाजवतात. कच्च्या गोमांसाचं लाप जुलैत घरभरणीला खाल्लं होतं, सगळ्या गावाने खाल्लं होतं, गाठ फक्त बाबांना आली. वजन गिरणीच्या काट्यावर केलं, सहा किलो उतरलं आहे. मुंग्या जमतात. केळीच्या बुंध्याशी रांग लागलेली असते. बाबांना वाटायचं केळी गोड निघणार.

डॉक्टर पिमचनोक वयाने माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. बँकॉकच्या आहेत हे बोलण्यावरून कळलं. बाबांच्या मानेवरचा वाघ पाहून परिचारिका हसली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हे कुणी काढलं?" मी म्हटलं मी. त्या म्हणाल्या, "सुबक आहे." मग स्पिरिटच्या बोळ्याने वाघ पुसला. बोळा निळा झाला. दुसऱ्या बोळ्याने पुन्हा पुसलं. तिसरा पांढरा राहिला, तेव्हा सुई घातली. पिवळा, दाट पू निघाला, अर्धी नळी. बाबा म्हणाले, "वाघाचं दूध."

मग डॉक्टरांनी विचारलं, "गाठीला अजून काय लावता?" आत्या माझ्याशेजारी बाकावर बसली होती. मी म्हटलं, तळ्याचा चिखल, दिवसातून दोनदा. त्यांनी ते कागदावर लिहिलं. आत्याने मान डोलावली. शेवटी त्यांनी विचारलं, "मातीशी, पाण्याशी विशेष काही संबंध?" बाबा म्हणाले, "विशेष काही नाही. भातशेती." तेही त्यांनी लिहिलं.

ताटलीचं कधी कळेल?

सुथिन

*

सोमवार, २१ सप्टेंबर

सुथिन,

निकाल असा. काचपट्टीवर क्षयाचे जंतू दिसले नाहीत. पण नाही दिसले म्हणजे नसतात असं नाही. ताटलीवर काही उगवलं नाही. रक्तातली साखर मात्र ३१२ आहे, म्हणजे मुंग्या खरं बोलत होत्या. साखरेच्या गोळ्या सोबत पाठवते आहे, सकाळी एक, रात्री एक. डॉक्टर म्हणतात क्षयाच्या गोळ्या अजून दोन महिने चालू ठेवा. पुढची तारीख १६ नोव्हेंबर.

आईला सांग की मी बरी आहे.

लम्दुआन

*

मंगळवार, २९ सप्टेंबर, रात्री ८.०५

लम्दुआन ताई,

पहिल्या गाठीच्या खाली दुसरी आली आहे. पहिलीवरची कातडी लाल आणि चकचकीत झाली आहे, बोट लावलं की बाबा ओरडतात. ताप ३९.४. चिकट भात गिळवत नाही, पेज देतो. बेचाळिसावा दोरा आता वहीच्या पानात मावत नाही, आडवा चिकटवावा लागतो. १६ नोव्हेंबरला अजून ४८ दिवस आहेत. मला नाही वाटत आपल्याकडे ४८ दिवस आहेत.

काल बाबांनी विचारलं, भिंतीवर आपलं नाव आहे का. मी म्हटलं तुम्ही कुठे देणगी दिली. ते म्हणाले, "मेलेल्यांची नावं फुकट लिहितात असं ऐकलंय."

ताई, तुझ्या चिठ्ठीत एक ओळ आहे, 'ताटलीवर काही उगवलं नाही'. मी ती पुष्कळदा वाचली. भिंतीचं काम करताना मला एक कळलं आहे. भिंत कोरी असणं वेगळं आणि पुसलेली असणं वेगळं. लांबून दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. तुझी ताटली कोरी होती की पुसलेली? मी तुझ्यावर शंका घेत नाही. फक्त विचारतो.

आणि मी तुला खोटं लिहिलं, ते आता दुरुस्त करतो. मी बाबांना चिखल लावलेलाच नाही. एकदाही नाही. १ तारखेला पहिली पुडी उघडली तर तिच्यात जळू होती. ती पुडी मी परसातल्या पपईखाली टाकली आणि त्यानंतरच्या सगळ्या तिथेच. गळ्याला फडकं बांधायचो, त्यामुळे आत्याला दिसलं नाही. रोज उकळलेल्या पाण्याने आणि साबणाने मान धुऊन, कोरडी करून, मगच वाघ लिहायचो. १४ तारखेला आम्ही पहाटे चारला निघालो, त्या दिवशी तर पुडी आलीच नव्हती. डॉक्टरांना खोटं सांगितलं, कारण आत्या शेजारी होती. तुला खोटं लिहिलं, कारण तू तिची मुलगी.

खरं तर कुणालाही कळायला हवं होतं. चिखलावर अक्षर उठत नाही.

आत्याला सांगू नकोस.

सुथिन

*

बुधवार, ३० सप्टेंबर, दुपारी

सुथिन,

ही चिठ्ठी गाडीवाल्याच्या हातीच देते आहे, म्हणजे संध्याकाळी तुला मिळेल. उद्या पहिल्या गाडीने मामांना घेऊन ये. क्षयाच्या गोळ्या बंद. रांगेत उभा राहू नकोस, थेट डॉक्टर पिमचनोकांकडे जा, त्या वाट बघत आहेत.

ताटली कोरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर बारीक ठिपके आले. चौथ्या दिवशी ते वाळक्या फुलासारखे सुरकुतले. ताटलीचा वास घ्यायला आम्हाला मनाई आहे, पण झाकण जरा हललं तरी तो येतोच. नांगरलेल्या ओल्या शेताचा वास. मातीत राहणारा जंतू आहे हे मलाही कळलं आणि आमच्या मुख्यांनाही. त्यांनी कागद पाहिला. त्यावर लिहिलं होतं, 'गाठीवर तळ्याचा चिखल, दिवसातून दोनदा.' ते म्हणाले, "वरचा चिखल सुईबरोबर आत आलाय. अशुद्ध नमुना, असं लिही." मी लिहिलं. ताटली उकळून टाकली.

तुला तसंच कळवायचं तर लिहावं लागलं असतं की माझ्या आईच्या चिखलाने तुझ्या बापाचा नमुना वाया घालवला. म्हणून 'काही उगवलं नाही' असं लिहिलं. नऊ वर्षांत वहीत मी कधी खोटं लिहिलं नाही. चिठ्ठीत लिहिलं.

तो निळा बोळा तू सांगितलास, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. चिखल असता तर तो तपकिरी झाला असता.

तुझी चिठ्ठी मी आज सकाळी डॉक्टरांना वाचून दाखवली. त्यांनी मामांचा कागद पुढ्यात घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे जंतू बाहेरून आत गेला नव्हता. आतच होता." या रोगाला मेलिऑइडोसिस म्हणतात. भातखाचराच्या चिखलात तो जंतू राहतो, पायाच्या चिरेतून शिरतो, आणि ज्यांच्या रक्तात साखर जास्त त्यांना आधी धरतो. कधी मानेत गाठ आणतो आणि हुबेहूब क्षयासारखा दिसतो. क्षयाच्या गोळ्यांना तो भीक घालत नाही. एकदा रक्तात पसरला तर दोन-तीन दिवसांत माणूस जातो. डॉक्टर पुढे म्हणाल्या, "त्यांनी मला भातशेती म्हणून सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं."

मान धुऊन आण. वाघ नको.

लम्दुआन

*

शनिवार, १० ऑक्टोबर, पहाटे ४.५०, पुरुषांचा कक्ष, खाट १७

लम्दुआन ताई,

तू वर्षावास संपण्याच्या सणाला गावी गेलीस ते बरं झालं, पण आता इथे विचारायला कुणी नाही, म्हणून लिहितो.

दुसरी ताटली लागली ते तुझ्यासमोरच. खास या जंतूसाठीच्या जांभळ्या ताटलीवर तेच उगवलं आणि तुझ्या मुख्यांनी स्वतः खाली येऊन बाबांची मान पाहिली. जाताना मला विचारलं, "तो वाघ लिहिणारा तूच का?"

गाठ कापली, वाटीभर पू निघाला. १ तारखेच्या संध्याकाळपासून औषध चालू आहे. दिवसाला सहा कुप्या, एक कुपी ३४० बाट. पण ताप उतरत नाही. मी दर तासाला मोजतो. काल संध्याकाळी ३९.१. आज नववा दिवस. शेजारच्या खाटेवर रोई एतचा एक ट्रकवाला होता, त्याला हाच रोग होता. तो सोमवारी रात्री गेला. त्याचा ताप मात्र त्या दिवशी उतरला होता. म्हणून आता ताप उतरला तरी मला भीती वाटेल.

मी डॉक्टरांना विचारलं की औषध चुकलं तर नाही. त्या म्हणाल्या, "या रोगात ताप आठवडा-आठवडा रेंगाळतो. औषध बदलायचं नाही आणि मध्येच सोडायचं तर मुळीच नाही. निदान चौदा दिवस." त्यांनी गरिबांच्या निधीतून ४० कुप्या मिळवून दिल्या. उरलेल्या आमच्या. आत्ता माझ्याकडे दोन दिवसांचे पैसे आहेत.

बाबांना कुणीतरी किंमत सांगितली. ते म्हणाले, "एका कुपीत तीन कोंबड्या जातात. सहा कुप्या म्हणजे रोज अठरा. तोलून बघ पोरा, आपण कोंबड्यांपेक्षा स्वस्त असू." ते सुई काढायला सांगत आहेत. मी परिचारिकेला सांगितलं आहे की त्यांचं ऐकू नका.

आत्याला तू सांगितलंस का?

सुथिन

*

सोमवार, १२ ऑक्टोबर, बान नोंग क्रादोन

सुथिन,

सुई काढायची नाही. पैसे गाडीवाल्याबरोबर पाठवते आहे, मोजून घे, ६,१५० आहेत.

ते असे जमले. काल सणाला सगळं गाव विहारात होतं. भन्तेंनी तुझी अर्धी राहिलेली भिंत दाखवली आणि म्हणाले, "हिचा रंगारी इस्पितळात बापाजवळ बसलाय. भिंतीला घाई नाही. यंदाचा पहिला कटोरा तिकडे पाठवू." कटोरा फिरला. वीस बाटांवर कुणी दिले नाहीत, पण सगळ्यांनी दिले. नावांची यादी सोबत आहे. बघून घे, मी घाईत लिहिली आहे, तुला स्पेलिंगच्या चुका सापडतील. हेंग म्हाताऱ्याने चार हजार वेगळे उसने दिले, ते पाकिटात आहेत. म्हणाला, "वाघाने डुकराला धरून ठेवलं, डॉक्टरीण येईपर्यंत. नाहीतर मेलाच असता." त्याच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता.

आईला सांगितलं. सगळं सांगितलं, जळूसकट. ती बराच वेळ सुपारी कातरत बसली. मग म्हणाली, "म्हणजे एकही पुडी लावली नाही?"

"एकही नाही."

"आणि गाठ वाढली."

"हो."

"मग माझ्या औषधाने गुण आला नाही असं कुणी म्हणायचं नाही. माझं औषध घेतलंच कुणी?" आणि उठून तुमच्या परसात गेली. परत आली ती पदराखाली तीन पपया घेऊन. "बघ," म्हणाली, "ज्याला लावला त्याला मानवला."

मी म्हटलं, आई, तो जंतू त्याच चिखलात असतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. पण आज सकाळी तळ्यावर जाताना तिने पायात माझे रबरी बूट घातले होते. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस.

लम्दुआन

*

शुक्रवार, १६ ऑक्टोबर, सकाळी ७.००

लम्दुआन ताई,

ताप १२ तारखेच्या रात्री ३७.८ झाला. १३ ला ३७.२. मी दर तासाला मोजणं १४ तारखेच्या दुपारी थांबवलं, कारण बाबांनी तापमापक उशीखाली लपवला. काल चौदावा दिवस झाला, रात्री शेवटची कुपी दिली. बाबांनी चिकट भात आणि भाजलेला मासा खाल्ला, आणि माशाला मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. डॉक्टर म्हणाल्या, कुरकुर हे चांगलं लक्षण आहे. आज दुपारी घरी जायचं. पुढे वीस आठवडे चार प्रकारच्या गोळ्या आहेत, एकही चुकवायची नाही, नाहीतर रोग परत येतो. मी तक्ता आखला आहे, १४० रकाने. बाबांना अनवाणी शेतात उतरायची बंदी आहे. ते म्हणतात, बूट घालून लावणी करणाऱ्याला म्हैसही हसेल. मी म्हटलं, आत्या घालते. बोलू नकोस म्हणाली होतीस, पण उपाय नव्हता.

आज डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर वाघ काढून मागितला. दिला. या वेळी शेपटी लांब काढली. त्यांनी तो भिंतीला लावला आणि त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'भातशेती म्हणजे विशेष.'

तुझ्या यादीत तीन नावं चुकली होती, दुरुस्त केली. ती सगळी नावं मी विहाराच्या भिंतीवर चौथ्या रांगेत लिहिणार आहे. शाई माझी.

हिशोब असा.

खर्च. कुप्या ४४, प्रत्येकी ३४० प्रमाणे, १४,९६० बाट. गाठ कापणं आणि खाट, १,२००. गोळ्या, पहिला महिना, ८६०. गाडीभाडं आणि जेवण, ५८०. एकूण १७,६००.

जमा. घरातले ४,३००. गावाचे ६,१५०. भिंतीच्या कामाची उचल १,५००. एकूण ११,९५०.

देणं. हेंग म्हाताऱ्याला ४,०००. तू मंगळवारी परत आल्यावर खिशातून भरलेस ते १,६५०, तुला. एकूण ५,६५०.

आत्याला. चिखलाच्या पुड्या, १ ते ३० सप्टेंबर, रोज दोन, १४ तारीख वगळून, ५८. काल ती बाबांना बघायला आली तेव्हा मी माफी मागितली आणि विचारलं, की पपईखालून खणून परत दिल्या तर चालतील का. ती म्हणाली, "पपईला गुण आलाय. वापरलेलं औषध मी परत घेत नाही." तेव्हा बाकी ५८.

तुझा धाकटा,
सुथिन